रेशनच्या तांदळातले ‘प्लास्टिकचे’ दाणे

स्वस्त धान्य दुकानातल्या तांदळात प्लास्टिकचे दाणे मिसळलेले असतात, असा संदेश गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत वर्षानुवर्षे फिरतो आहे. शंका येणे स्वाभाविक आहे. हे मोजके दाणे किंचित पिवळसर दिसतात आणि तांदूळ धुताना कधीकधी पाण्यावर तरंगतात.

प्रत्यक्षात हे पोषणमूल्य वाढवलेले दाणे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून त्याला पुन्हा तांदळाचा आकार देतात आणि साधारण १०० किलो तांदळात असे १ किलो दाणे घालतात. मासळी, अंडी, पालेभाजी रोज परवडत नाही अशा घरांत पोट मुख्यतः भातावरच भरते, म्हणून रक्तक्षय कमी करण्यासाठी भाताचाच मार्ग निवडला गेला.

खात्री घरीच करता येते. संशयित दाणा भिजवून चुरडावा आणि त्यावर जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा थेंब टाकावा. पिष्ट (तांदळातला स्टार्च) असल्यास रंग निळसर काळा होतो, प्लास्टिकवर तसे होत नाही. चिमट्यात धरून ज्योतीवर नेल्यास प्लास्टिक वितळते, तांदूळ मात्र करपून कोळसा होतो. पेजेत तर हे दाणे इतरांसारखेच मऊ शिजतात. (शिवाय प्लास्टिक तांदळाहून स्वस्त नसते, हेही लक्षात घ्यावे.)

हे दाणे निवडून टाकू नयेत आणि तांदूळ फार चोळून धुऊ नये. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.