वणव्यात जमिनीचं नेमकं काय जळतं?

उन्हाळा लागला की नागपूरच्या पेपरांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक पारा ४५ च्या वर गेल्याची आणि दुसरी कुठल्या तरी वनपरिक्षेत्रात अमुक हेक्टर जंगल जळाल्याची. या दुसऱ्या बातमीवर हमखास कोणीतरी लिहितं, 'जळू द्या हो, राख म्हणजे फुकटचं खत. पाऊस पडला की बघा कसं हिरवंगार होतं.' लगेच दुसरा उत्तर देतो की जमीन आता कायमची नापीक झाली. दोघंही अर्धवट बोलतात. माझी तक्रार मात्र त्या हेक्टरच्या आकड्याबद्दल आहे. किती जळलं ते तो सांगतो. जमिनीला आणि पाण्याला काय झालं हे कळायला काय जळलं, किती वेळ जळलं आणि त्यानंतर पाऊस कधी आला हे लागतं. उपग्रहालाही वरून दिसतो तो एक तापलेला ठिपका, ३७५ मीटरच्या चौकोनात कुठेतरी.

आधी आपल्याकडचा वणवा कसा असतो ते पाहू, कारण टीव्हीवर दिसतात त्या कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियाच्या आगी. तिथे झाडांचे शेंडे पेटतात. विदर्भातलं जंगल पानझडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, तेंदू, धावडा पानं टाकतात आणि जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती पाल्यात दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला कोवळी पानं चांगली फुटतात या समजुतीनेही काडी लावली जाते. वारा आला की ती आग हाताबाहेर जाते. पण जळतो तो बहुतेक पालाच. ज्वाळा गुडघ्या-कमरेएवढ्या, आणि एका जागी त्या काही मिनिटांच्या वर थांबत नाहीत.

माती उष्णतेची फार वाईट वाहक आहे. वर ज्वाळेचं तापमान ६००-७०० अंश सेल्सिअस असलं, तरी पाला भराभर जळून गेला तर पाच सेंटिमीटर खाली माती जेमतेम कोमट होते. कधी जळलेल्या जंगलात जायची वेळ आली (वनविभागाची परवानगी घेऊनच) तर खाली नीट बघा. बहुतेक ठिकाणी काळा-करडा भुगा दिसेल. तो पायाने बाजूला केला की खाली मातीचा रंग जसाच्या तसा. मध्येच एखादा लांबट पांढराशुभ्र पट्टा दिसेल. तिथे वाळलेलं खोड पडलेलं होतं आणि ते रात्रभर धुमसत राहिलं. त्या पांढऱ्या राखेखालची माती खरवडली तर ती लालसर निघते. ३०० अंशांच्या आसपास मातीतल्या पिवळट लोहखनिजातलं पाणी निघून जातं आणि लाल हेमॅटाइट उरतं. अशा पट्ट्यात मुळं, बिया, बुरशी, जिवाणू सगळं संपलेलं असतं. म्हणजे एकाच हेक्टरात दोन वेगळे वणवे होऊन गेलेले असतात, आणि आकडा दोन्हींना एकच.

मग नुकसान कुठे होतं? वरच्या पाल्यात आणि मातीच्या वरच्या दोनेक सेंटिमीटरांत. जंगलाच्या अन्नाचा मोठा साठा नेमका तिथेच असतो.

प्रत्येक मूलद्रव्य वेगवेगळ्या तापमानाला वायू होऊन उडतं. नायट्रोजन साधारण २०० अंशांपासूनच उडायला लागतो. गंधक ३७५ च्या आसपास. पोटॅशियमला ७६० लागतात, फॉस्फरसला ७७४, मॅग्नेशियमला ११०० च्या वर आणि कॅल्शियमला जवळपास १५००. पाल्याची आग इतकी तापत नाही, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम बहुतांशी राखेत राहतात आणि नायट्रोजन धुरातून जातो. पाला जितका जळतो, साधारण तितक्याच प्रमाणात त्यातला नायट्रोजन उडतो. हिशेबासाठी हेक्टरी पाच टन पाला आणि त्यात एक टक्का नायट्रोजन धरा. झाले ५० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो, म्हणजे हेक्टरी जवळपास अडीच गोण्या युरिया धुरात गेला. राख खत आहे हे खरं, पण झाडांना ज्याची चणचण सगळ्यात जास्त असते तेच त्यात जवळजवळ नसतं.

तरीही जळलेल्या जागी पहिल्या पावसानंतर गवत तरारून येतं, हे कोणीही नाकारणार नाही. त्याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर रसायन वाटतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

मातीतला बहुतेक नायट्रोजन कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो. मुळांना तो थेट घेता येत नाही, जिवाणू आणि बुरशी तो सावकाश सोडवून देतात. आगीची धग या रेणूंना तोडते. काही नायट्रोजन उडतो, पण जिथे धग मध्यम असते तिथे बराचसा अमोनियम आयन होऊन मातीतच राहतो. वर्षानुवर्षं हळूहळू मिळणारं अन्न एका दुपारी मोकळं होतं. घरातलं सोनं विकून दिवाळी केली तर ती झोकात होणारच, तसा हा हिरवा बहर.

आता अमोनियमवर धन प्रभार असतो आणि मातीतल्या चिकणकणांवर ऋण. हा ऋण प्रभार येतो स्फटिकातल्या अदलाबदलीतून. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला किंवा ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम, की एक धन प्रभार कमी पडतो आणि सगळा थर ऋण होतो. आपल्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज या बाबतीत तगडं आहे. धन आयन धरून ठेवण्याची त्याची क्षमता किलोमागे ८० ते १५० सेंटिमोल, तर केओलिनाइट या दुसऱ्या चिकणखनिजाची साधारण ३ ते १५. नागपूरकरांसाठी यात गंमत अशी की दख्खनच्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड आपल्याच जिल्ह्यातून जाते. काटोल-कळमेश्वरकडे काळी माती, तर रामटेक-पेंचच्या बाजूला कितीतरी जुने नाइस प्रकारचे खडक आणि त्यांच्यावरची हलकी माती. सारखीच आग, सारखाच पाला, पण मोकळा झालेला अमोनियम काळ्या मातीत जास्त धरला जाईल आणि हलक्या मातीत कमी.

पुढचा टप्पा जिवाणूंचा. अमोनियमचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेपुढे नाजूक असतात, वरच्या थरात ते आगीत मरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये अमोनियम साठून राहतो. जूनच्या मध्याला पाऊस आला, माती ओली झाली की खालून-बाजूने जिवाणू परततात आणि साठा पटापट नायट्रेटमध्ये बदलायला लागतात. नायट्रेट मात्र ऋण आयन. ऋण चिकणकण त्याला धरत नाहीत, उलट दूर ढकलतात. पाणी जाईल तिकडे ते जातं. वाटेत जिवंत मुळं असली तर ती उचलून घेतात, आणि साग-मोहाची खोल मुळं पाल्याच्या आगीत सहसा मरत नाहीत. पण पहिल्या जोरदार सरींच्या वेळी ही मुळं नुकती जागी होत असतात. त्या दोन-तीन आठवड्यांत जे निसटतं ते नाल्यात जातं.

अमोनियमला पळायला आणखी एक वाट आहे. राख अल्कधर्मी असते, तिच्यातल्या कार्बोनेटमुळे वरच्या थराचा सामू (पीएच) नऊपर्यंत चढू शकतो. सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना अमोनियमपैकी एक टक्काही अमोनिया वायूच्या रूपात नसतो. सामू ९ झाला की सुमारे एक-तृतीयांश असतो. म्हणजे अवकाळीचा हलका शिडकावा झाला तरी राखेखालून नायट्रोजन वायू होऊन उडतो. हीच राख जंगलातल्या छोट्या पाणवठ्यात वाहून आली तर तिथेही तेच घडतं, आणि हा मोकळा अमोनिया माशांच्या कल्ल्यांना विषारी असतो. पाणवठा जितका आटलेला, तितका धोका अधिक.

ज्यांची रसायनशास्त्राशी दहावीनंतर गाठ पडलेली नाही त्यांनी एवढं धरून पुढे यावं: आगीनंतर नायट्रोजन हवेतून, मातीतून आणि पाण्यातून अशा तिन्ही वाटांनी जातो.

राखेचा विषय निघालाच आहे तर, अग्निहोत्राच्या राखेने नदी शुद्ध होते असे फॉरवर्ड मलाही येतात. गोवऱ्यांची असो की सागाच्या पाल्याची, राख ही कार्बोनेट, ऑक्साइड आणि सिलिकाच. थोडी राख पाण्याचा सामू वाढवते, जास्त राख तो बिघडवते. कोणत्या मुहूर्तावर आणि काय म्हणत जाळलं यावर सामू ठरत नाही.

फॉस्फरसची कथा वेगळी. तो पाल्याच्या आगीत फारसा उडत नाही, पण राखेच्या कणांबरोबर वाऱ्याने जातो आणि मातीच्या कणांना चिकटून पाण्याने जातो. नायट्रोजन निदान परत येऊ शकतो. खैर, बीजा यांसारखी शेंगवर्गीय झाडं हवेतून तो बांधतात, विजांबरोबरही थोडा येतो. गेलेला फॉस्फरस मात्र खडक झिजून भरून निघायचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या. आणि जिथे तो पोचतो त्या तळ्यात शेवाळ माजतं.

माती वाहण्याचं साधं कारण म्हणजे पाला नसणं. पावसाचा थेंब पाल्यावर पडला तर फुटून मुरतो. उघड्या मातीवर पडला तर बारीक कण उडवतो, ते छिद्रांत बसतात, वरचा थर लिंपला जातो आणि पाणी मुरायचं सोडून धावायला लागतं. पाइन, निलगिरीसारख्या जंगलांत यात भर म्हणून मेणचट पदार्थ वायू होऊन खाली थिजतात आणि पाणी न झिरपू देणारा पडदा तयार होतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने याची किंमत मोजली आहे. १९९६ चा बफेलो क्रीक आणि २००२ चा हेमन, या दोन वणव्यांनंतर स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज जलाशयात आलेला गाळ आणि कचरा काढणं, पाणी सुधारणं यावर तिथल्या पाणीसंस्थेला अडीच कोटी डॉलरहून अधिक खर्च आला.

नागपूरला घाबरायचं कारण आहे का? आपलं बरंचसं पाणी पेंचचं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या जलाशयांतून येणारं. भोवती जंगल आहे आणि ते जळतंही. पण जलाशय प्रचंड आहेत, नाल्यातून आलेली राख त्यात पातळ होते. आमच्या नळाला वणव्याचं पाणी येतं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. विहिरींतल्या नायट्रेटसाठी तर आधी शेतातला युरिया आणि मैलापाणी यांच्याकडे बघावं. पहिला फटका बसतो जंगलातल्या नाल्याला, त्यावर पिणाऱ्या जनावरांना आणि लगतच्या गावातल्या उथळ विहिरीला. तिथे शुद्धीकरण केंद्र नसतं. शुद्धीकरणाचंही एक सांगायला हवं. गढूळपणा तुरटीने बसतो, पण नायट्रेट तुरटीला, क्लोरीनला, उकळण्याला कशालाच दाद देत नाही. उकळून पाणी आटलं तर उलट त्याची तीव्रता वाढते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जळक्या पाल्यातून विरघळून आलेला सेंद्रिय कार्बन क्लोरीनशी मिळून ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक संयुगं तयार करतो, तीही नकोशीच.

एका वणव्याने पानझडी जंगल मरत नाही. घोळ होतो तो दरवर्षी त्याच जागी काडी लागते तेव्हा. २०१८ साली 'नेचर'मध्ये जगभरातल्या ४८ ठिकाणांच्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार जाळलेल्या जागांमधल्या मातीत ६४ वर्षांनंतर, आगीपासून राखलेल्या जागांपेक्षा कार्बन सुमारे ३६ टक्के आणि नायट्रोजन सुमारे ३८ टक्के कमी भरला. गवताळ माळ आणि रुंद पानांची जंगलं यांत हे जास्त दिसलं. आपलं जंगल या दुसऱ्या प्रकारातलं. दरवर्षी थोडा तोटा आणि दरवर्षी हिरवं गवत, त्यामुळे तोटा डोळ्यांना दिसत नाही.

वनविभाग १५ फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतो आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला काढून मोकळे केलेले पट्टे, काढतो. अलीकडे वनमजूर पाठीवर ब्लोअर अडकवून पाल्याचा पट्टा मोकळा करतात, आग तिथे येऊन थांबते. मोहासाठी त्याहून सोपा उपाय झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरण्याचा. फुलं माती-राखेशिवाय मिळतात, वेचायला वाकावं कमी लागतं. पालाही जागेवर राहतो, आणि पावसाळ्यात बुरशी आणि वाळवी त्यातला नायट्रोजन मुळांना लागेल तसा, हळूहळू सोडवत बसतात.