रक्तवाहिनीच्या अस्तरातील आयन चॅनेल आणि उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाबाचा विषय निघाला की बोलणे हृदय, मीठ आणि मूत्रपिंड यांच्याभोवतीच फिरते. या तिन्हींचा संबंध आहेच, पण रक्तदाब किती राहील हे ठरवण्यात शरीरभर पसरलेल्या अगदी बारीक धमन्यांचा वाटा फार मोठा असतो. नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा रोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे त्रिज्या अवघी १० टक्क्यांनी घटली तरी रोध सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो.

धमनी आकुंचन पावते ती तिच्या भित्तीतील अनैच्छिक स्नायूंमुळे. मात्र या स्नायूंनी केव्हा सैल पडायचे, हे बऱ्याच अंशी आतल्या बाजूचे, एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर ठरवते. हे अस्तर म्हणजे रक्त आणि स्नायू यांच्यामधला एक निष्क्रिय पडदा, असा समज बराच काळ होता. रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, अ‍ॅसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या संदेशवाहक रसायनामुळे सशाची महाधमनी सैल पडते ती अस्तर शाबूत असेल तरच. अस्तर खरवडले गेले की तो परिणाम नाहीसा होतो. अस्तराकडून स्नायूंकडे जाणारा तो संदेशवाहक नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक या संशोधनाला मिळाले.

या संदेशाची सुरुवात होते ती कॅल्शियमपासून. पेशीबाहेर कॅल्शियमच्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणूंची, संहती पेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक असते, त्यामुळे पेशीपटलातील एखादे चॅनेल, म्हणजे आयनांना ये-जा करू देणारे प्रथिनाचे दार, क्षणभर उघडले तरी आयन वेगाने आत शिरतात. गंमत अशी की स्नायूपेशीत शिरलेले कॅल्शियम धमनी आवळते, तर अस्तराच्या पेशीत शिरलेले तेच कॅल्शियम तिला सैल करते. अस्तरात ते नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देते, शिवाय कॅल्शियमला प्रतिसाद देणारी पोटॅशियमची चॅनेल उघडते. पोटॅशियम बाहेर पडल्याने पेशीचा विद्युतभार अधिक ऋण होतो, हा बदल पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून शेजारच्या स्नायूपेशीपर्यंत पोहोचतो आणि तिथली कॅल्शियमची चॅनेल मिटतात. बारीक धमन्यांमध्ये या विद्युत मार्गाचे महत्त्व विशेष असते.

अस्तरातील चॅनेलपैकी कॅल्शियम आत घेणाऱ्या टीआरपीव्ही-४ याचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे. अस्तराच्या पेशींना खालच्या बाजूने बोटांसारखे फुगवटे असतात. मधल्या लवचिक पटलातील छिद्रांतून ते आरपार जाऊन स्नायूपेशींना भिडतात. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे रंगद्रव्य वापरले की एकेक चॅनेल उघडताना होणारा कॅल्शियमचा लखलखाट इथे प्रत्यक्ष टिपता येतो. उंदरांच्या आतड्याकडे जाणाऱ्या धमन्यांवरील २०१२ च्या एका अभ्यासात, प्रत्येक पेशीत अशी केवळ तीन चॅनेल उघडली तरी धमनी पूर्ण प्रसरण पावते असे दिसले. पेशीतील कॅल्शियमची एकूण पातळी मोजून हे कधीच कळले नसते. किती कॅल्शियम आले यापेक्षा ते कुठे आले, हा इथे कळीचा मुद्दा आहे.

ही जागा राखण्याचे काम एकेएपी-१५० नावाचे प्रथिन करते. टीआरपीव्ही-४ आणि त्याला चेतवणारे विकर यांना ते त्या फुगवट्यांपाशी एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे लगतची चॅनेल एकमेकांच्या साथीने उघडतात. अँजिओटेन्सिन-२ हे धमन्या आवळणारे संप्रेरक देऊन रक्तदाब वाढवलेल्या उंदरांत ही साथ तुटलेली आढळली. लठ्ठ उंदरांत पेरॉक्सिनायट्राइट हा अतिक्रियाशील रेणू नेमका याच ठिकाणी तयार होऊन एकेएपी-१५० चे काम बिघडवतो आणि रक्तदाब वाढतो, असे २०२० मध्ये दिसून आले. लठ्ठपणा आणि रक्तदाब यांची सांगड आपण नेहमी ऐकतो. तिचा एक धागा इतक्या सूक्ष्म पातळीवर दाखवता यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

रक्तप्रवाहाचे घर्षण ओळखणारे पिएझो-१ हे असेच आणखी एक चॅनेल. २०१० मध्ये त्याचा शोध लावणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. केवळ अस्तरातून हे चॅनेल काढून टाकलेल्या उंदरांत नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटते आणि रक्तदाब चढतो.

मग ही चॅनेल उघडणारे औषध का काढू नये? आज सर्रास दिले जाणारे अ‍ॅम्लोडिपीन स्नायूपेशींतील कॅल्शियमची चॅनेल रोखते. अस्तरातली चॅनेल उघडणे हा त्याला पूरक उपाय वाटतो. पण टीआरपीव्ही-४ सरसकट उघडणारे प्रभावी रसायन प्राण्यांना दिले तेव्हा रक्तदाब तर कोसळलाच, शिवाय फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचे अस्तर पाझरू लागले. कारण हेच चॅनेल तिथल्या सूक्ष्म वाहिन्यांतही असते, आणि तिथे कॅल्शियम वाढले की पेशींमधले सांधे सैल होतात. म्हणून संशोधनाचा एक प्रवाह आता चॅनेल उघडण्याऐवजी, एकेएपी-१५० ने बांधलेली रचना पेरॉक्सिनायट्राइटपासून कशी वाचवता येईल, याकडे वळला आहे.