वर्दी, वाटणी आणि 'सांभाळ' : सीमाभागातल्या दोन पिढ्यांच्या वादाची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये बेळगावच्या सरकारी रुग्णालयाचा विषय कर्नाटकभर गाजला. उपचारासाठी म्हणून आणून दाखल केलेले आणि नंतर न्यायला कोणीच न आलेले वृद्ध दीडशेहून अधिक आहेत, असे खुद्द सरकारकडूनच सांगण्यात आले. त्यांतल्या अनेकांनी घरदार, जमीन आधीच मुलांच्या नावे करून दिली होती. अशा प्रकरणांत प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार करावी, मालमत्तेचे हस्तांतर आणि मृत्युपत्र रद्द करून घेता येईल, असेही जाहीर झाले.

ती बातमी आल्यावर गावोगावच्या कट्ट्यांवर जे बोलले गेले ते ठरलेलेच होते. एक बाजू म्हणत होती, आजकालच्या पोरांना आईबापाची किंमत राहिली नाही. दुसरी म्हणत होती, म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत उताऱ्यावरचे नाव सोडले नाही, मग पोरांनी कसे जगायचे? मुळात कागद काय झाला होता, हे मात्र कोणी विचारले नाही. मृत्युपत्राचेच घ्या. ते माणूस गेल्यावर अमलात येते. हयात असेपर्यंत ते कधीही बदलता येते, त्यासाठी प्रांतांच्या कचेरीत जाण्याची गरज नाही. अडचण आहे ती हयातीत दिलेल्या जमिनीची. आणि आमच्या भागात जमीन हयातीत दिली जाते ती बहुधा 'वर्दी'ने, म्हणजे घरातल्यांनी तलाठ्याकडे दिलेल्या वाटणीच्या साध्या अर्जाने.

ही वर्दी कुठून आली, हे समजायला १९५६ पर्यंत मागे जावे लागते. सीमाप्रश्नाचा इतिहास इथे पुन्हा सांगत नाही, तो वाचकांना पाठ आहे. त्याची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही, ती कुळांची. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे गेला आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, मुंबई राज्याच्या कूळकायद्याप्रमाणे तिथली कुळे जमिनीची मालक मानली गेली. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कुळांनाही तोच कायदा लागू होता. पण तोवर आपण म्हैसूर राज्यात गेलो होतो, आणि तिथल्या सरकारने ती कलमे स्थगित केली. इकडच्या कुळाला खऱ्या अर्थाने मालकी मिळण्याचा दिवस उजाडला तो १ मार्च १९७४ ला. एका बाजूचा चुलत भाऊ मालक आणि दुसऱ्या बाजूचा कूळ, असे सतरा वर्षे चालले.

१९७४ नंतर 'सात नंबर फॉर्म', म्हणजे कुळाने मालकी मागण्याचा अर्ज, भरण्याची धांदल उडाली. त्याची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. आज ज्यांना आपण थोरली पिढी म्हणतो, त्यांतल्या कितीतरी जणांनी वडिलांच्या मागे कचेरीच्या व्हरांड्यात बसून ते फॉर्म भरलेले पाहिले आहेत. त्या पिढीला जमीन वारशाने आयती मिळालेली नाही. जमीनदाराच्या वाड्यावर खंड घालत, न्यायमंडळापुढे साक्षी देत त्यांनी ती मिळवली. उताऱ्यावरच्या नावाला ते इतके का धरून राहतात, याचे उत्तर मला तरी इथेच दिसते.

या कूळजमिनीला एक अट होती. मालकीचा आदेश झाल्यापासून पंधरा वर्षे ती विकता येत नव्हती, सावकाराकडे गहाण टाकता येत नव्हती, बक्षीस देता येत नव्हती. पोरांना देण्यापुरती मोकळीक एकच होती, एकत्र कुटुंबातल्या माणसांत वाटणी करण्याची. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, सावकाराने ती पुन्हा गिळू नये हा. पण त्यामुळे एका पिढीला सवयच लागली. पोराला जमीन द्यायची म्हणजे वाटणी करायची, आणि वाटणी म्हणजे तलाठ्याकडे वर्दी द्यायची. पंधरा वर्षे उलटून गेली तरी सवय मोडली नाही. शिवाय वर्दी स्वस्त पडायची. मुद्रांक नको, सबरजिस्ट्रारची रांग नको. चावडीत जायचे, एका अर्जावर सगळ्यांनी सह्या-अंगठे करायचे, नोटीस लागायची, तीस दिवसांत कोणाची हरकत आली नाही की फेरफार मंजूर.

अशा वर्दीत काय लिहिलेले असते? अमुक सर्व्हे नंबर, अमुक हिस्सा, इतके एकर इतके गुंठे, अमक्याच्या वाट्याला. बस. ज्या बोलीवर घरात वाटणी ठरलेली असते, म्हणजे थोरल्याकडे आई राहील, धाकट्याकडे वडील, वर्षाला इतकी पोती भात, दवाखान्याचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा, त्यातले एक अक्षरही तिथे नसते. ती बोली मामाच्या, भावकीच्या, पंचांच्या साक्षीने झालेली असते. मामा गेला, पंच गेले की बोलीही गेली.

वडगाव-येळ्ळूर शिवारातल्या एका घरात मी असा कागद पाहिला आहे. बासमती भाताचे रान, चार एकराच्या आतबाहेर. कागद कन्नडमध्ये. खाली आजोबांची सही मात्र देवनागरीत, थरथरत्या हाताने काढलेली, शेवटचे अक्षर ओळीच्या खाली उतरलेले. मी विचारले, "तात्या, यात काय लिवलंय ठाव हाय काय?" ते म्हणाले, "कन्नड मला कुठलं येतंय? पोरानं सही कर म्हटलं, केली. परका न्हवं काय तो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार सुनेच्या बोलण्यात होती, आणि तीही जमिनीबद्दल नव्हती. म्हातारा रात्री चारदा उठवतो आणि नवरा कारखान्यातल्या रात्रपाळीला असतो, असे ती सांगत होती. दोघांचेही खरे होते.

भाषेचा हा पदर सीमाभागाबाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. २००० च्या सुमारास उतारे संगणकावर गेले आणि हाताने लिहिलेला उतारा बाद झाला. आता जो छापून येतो तो कन्नडमध्ये येतो. कन्नड सक्तीविरुद्ध जून १९८६ मध्ये जी माणसे रस्त्यावर उतरली, ज्यांच्यातल्या नऊ जणांचे हुतात्मे म्हणून दरवर्षी १ जूनला हिंडलग्यात स्मरण होते, ती मराठी शाळेत शिकलेली माणसे आज सत्तरीत आहेत. त्यांची नातवंडे शाळेत कन्नड शिकली आहेत. घरात सरकारी कागद आला की तो आजोबांकडून नातवाकडे जातो, आणि तो काय सांगेल ते खरे. बहुतेक नातवंडे सरळ वाचून दाखवतात. पण वाचून दाखवणारा आणि सही करणारा अशी घराची फाळणी झाली की संशयाला जागा मिळतेच. महत्त्वाचे कागद मराठीतही द्या, ही भाषिक अल्पसंख्याकांची जुनी मागणी आहे. ती फलक आणि परिपत्रकांच्या निमित्ताने पुढे येते. माझ्या मते तिची खरी निकड म्हाताऱ्यांच्या सहीखालच्या कागदाला आहे.

आता कायद्याकडे. आईवडिलांच्या पोटगीची तरतूद १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. पण त्यासाठी कोर्टात जावे लागे, वकील लावावा लागे. २००७ च्या कायद्याने साठ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी प्रांतांपुढे न्यायाधिकरण आणले. पोटगीच्या अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत, कमाल पोटगी महिन्याला दहा हजार रुपये. मूळ कायद्यात वकिलालाही मज्जाव होता, म्हाताऱ्या माणसाला आपले गाऱ्हाणे आपणच मांडता यावे म्हणून. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला.

वादाचे कलम आहे ते तेविसावे. ज्येष्ठाने "बक्षीस म्हणून वा अन्यथा" मालमत्ता दिली असेल, ती सांभाळ करण्याच्या अटीवर दिली असेल, आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे समजून न्यायाधिकरणाला रद्द करता येते. हे एक वाक्य गेली सतरा-अठरा वर्षे देशभरच्या न्यायालयांत घोळते आहे. अट कागदात लिहिलेली हवी, की आईबापाने लेकराला दिले यातच ती आली? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अट असल्याचे दाखवता आलेच पाहिजे, माणसे प्रेमापोटी देतात तेव्हा बदल्यात सांभाळाची अपेक्षा असतेच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठापुढे मध्य प्रदेशातल्या एका आईचे प्रकरण आले. तिच्याकडे बक्षीसपत्राबरोबर मुलाने लिहून दिलेले वचनपत्रही होते, मरेपर्यंत सांभाळीन असे सांगणारे. मुलाने ते बनावट असल्याचे म्हटले. न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, असे बजावले. त्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन प्रेमापोटी दिलेल्या देणगीतच अट गृहीत धरली.

हे सगळे वाचून आमच्याकडच्या माणसाला वाटते, चला, आपलेही काम झाले. इथेच तो फसतो. वरची प्रकरणे बक्षीसपत्रांची आहेत आणि आपल्याकडे झालेली असते वाटणी. वाटणी म्हणजे हस्तांतर नव्हेच, एकत्र कुटुंबात प्रत्येकाचा जो हक्क आधीपासून होता तो फक्त वेगळा करून दाखवला, हा न्यायालयांचा जुना सिद्धांत आहे. मुलगा सरळ म्हणू शकतो, बाबांनी मला काही दिलेलेच नाही, माझे होते ते मी घेतले. मग कलमातला 'अन्यथा' हा शब्द वाटणीपर्यंत ताणता येतो का? बापाने स्वतःचा हिस्साही पोरांत घालून टाकला असेल तर तेवढ्यापुरते ते 'देणे' ठरावे, असे मला वाटते, आणि ते न्यायाचेही आहे. पण ते सिद्ध करायचे कशावरून? वर्दीत तर आकडे सोडून काही नाही. कूळजमीन घरातल्या कर्त्याच्या नावे झाली ती त्याची एकट्याची की सगळ्या कुटुंबाची, हा पन्नास वर्षांपूर्वीचा वादही तिथे पुन्हा डोके वर काढतो. सरकारने मार्च २०२५ मध्ये दिलेला दिलासा सीमाभागातल्या शेतकरी घरांपर्यंत अर्धामुर्धाच पोचला तो यामुळे.

जमिनीला पूर्वी भाव नव्हता तेव्हा यातले काही दुखत नव्हते. उद्यमबाग, मच्छे, पिरनवाडीकडे शहर सरकले, हलग्याजवळ कर्नाटक विधिमंडळाचे विधानसौध उभे राहिले, त्याचे २०१२ मध्ये उद्घाटन झाले, आणि भाताच्या रानाची किंमत गुंठ्यावर आली. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन घेण्यावरून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात काम सुरू झाले तेव्हा बांधावर आडवे झालेल्यांत म्हातारे पुढे होते आणि तरुणही होते. त्या लढ्यात पिढ्यांचा वाद दिसला नाही. तो दिसतो भरपाईच्या वेळी, कारण भरपाई मिळते ती उताऱ्यावरच्या नावाला.

तरुणांची बाजूही याच नावात अडकलेली आहे. चाळिशीचा मुलगा रान करतो, पण सोसायटीचे पीककर्ज बापाच्या नावाने निघते. २०१९ मध्ये केंद्राची वर्षाला सहा हजारांची शेतकरी योजना आली तिची अटच होती की १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर हवी. नांगर धरणाऱ्याला काही नाही, पैसे खात्यावर जमा होतात ते खाटेवरच्या बापाच्या. लग्न ठरवताना मुलीकडचे पहिल्या बैठकीत विचारतात, पोराच्या नावावर काय आहे? हा राग खोटा नाही. बहिणींचा हक्क १९९४ मध्ये कर्नाटकाने आणि २००५ मध्ये केंद्राने मान्य केल्यावर, लवकर वाटणी करून मोकळे होऊ, या घाईला आणखी जोर चढला. त्या घाईत आईचे नाव तर अनेकदा कुठेच येत नाही.

आईचे नाव आले ते २०२३ मध्ये, तेही वादाच्याच वाटेने. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या यजमानीला, म्हणजे कुटुंबप्रमुख बाईला, महिन्याला दोन हजार मिळणार होते. यजमानी कोण, सासू की सून, यावर घरोघर बोलाचाली झाल्या. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेली सासूच, असा खुलासा झाला. कुठे दोघींनी हजार-हजार वाटून घेतले, कुठे चूल वेगळी झाली. दोन हजारांना हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या बाईच्या हातात तिच्या नावाने आलेली ती पहिली रक्कम होती. राज्याची वृद्धापकाळची संध्या सुरक्षा महिन्याला बाराशे, आणि तीही पासष्टीनंतर. २००७ च्या कायद्याने साठीला ज्येष्ठ ठरलेली बाई या पेन्शनसाठी आणखी पाच वर्षे तरुणच असते. वयाचा दाखला म्हणून ती आधार दाखवते, त्यावर जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली.

अलीकडे काही घरांत वर्दीऐवजी नोंदणीकृत वाटणीपत्र करतात आणि त्यात आईवडिलांच्या हयातीपर्यंतच्या सांभाळाचे कलम घालतात. काहीजण उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात, इतर हक्कांच्या, तशी नोंद मागतात. खर्च वाढतो, मुलगे कुरकुरतात, कधी म्हातारेच म्हणतात, पोटच्या पोराकडून लिहून कसे घ्यायचे? वडगाव-येळ्ळूरच्या त्या घरी मी उतारा पुन्हा पाहिला. नवव्या रकान्यात दोन मुलांची नावे आहेत. अकराव्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, आणि त्याखाली जागा कोरी आहे.