पार्श्वभूमी : कोड, कुष्ठ आणि नावांचा गुंता

दरवर्षी २५ जूनला, जागतिक व्हिटिलिगो (म्हणजेच कोड) दिनी, मराठीत जे काही छापून येतं त्यातलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : ‘कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे.’ वाचणाऱ्याला ते माहीत असतं, छापणाऱ्यालाही माहीत असतं, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा छापावं लागतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, डाग त्यामुळे पडतात, हे आता कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या भिंतीवरच्या तक्त्यात असतं. मग हे वाक्य का संपत नाही? त्याचं उत्तर बरंचसं नावांच्या इतिहासात आहे.

फार मागे जायचं तर अथर्ववेदात जाता येतं. तिथे ‘किलास’ नावाच्या पांढऱ्या डागांसाठी दोन सूक्तं आहेत. रात्री उगवलेल्या, काळ्याभोर वनस्पतीला तिथे विनवलं आहे की हे डाग आणि हे पिकलेले केस रंगव. पुढे सुश्रुताने किलास कुष्ठाच्याच प्रकरणात घातलं, पण तिथेच दोघांतला फरकही सांगितला : किलास त्वचेपुरतंच राहतं आणि त्यातून स्राव होत नाही. इतकी नेमकी खूण दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती. ती वापरली गेली नाही. चरकसंहितेतली कारणांची यादी मात्र लोकांनी घट्ट धरून ठेवली. खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूचा अवमान, पापकर्म, पूर्वजन्मीचं कर्म आणि सगळ्यात शेवटी विरुद्ध अन्न. मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड फुटतं, असं कोकणात आणि गोव्यात आजही सांगतात, ते या यादीतलं शेवटचं कलम. बाकीची कलमं लग्न ठरवताना बाहेर येतात.

गुरुचरित्रातली कथा यापेक्षा जास्त बोचते. श्वेतकुष्ठ झालेला एक ब्राह्मण तुळजापूरला वर्षानुवर्षं सेवा करतो, तिथून फिरत फिरत गाणगापूरला येतो. संगमावर स्नान होतं, अंग उजळतं, पण मांडीवर थोडासा डाग राहतो. का राहिला? तर त्याच्या मनात संशय होता म्हणून. ही कथा घरोघरी सप्ताहात वाचली जाते. ज्याच्या अंगावर डाग आहे त्याने ती ऐकताना काय करायचं असतं, ते कुठे सांगितलेलं नाही. उपचार फसला तर चूक रोग्याची, हा हिशेब तिथपासूनचा, आणि नंतरच्या वैदूंनी तो फुकट वापरला.

आता मुख्य गुंता. संस्कृतातल्या ‘कुष्ठ’चं प्राकृतात ‘कोढ’ झालं आणि तो शब्द आपल्या भाषांत उतरला. पण प्रत्येक भाषेत तो वेगळ्या ठिकाणी जाऊन बसला. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग, आणि कोडाला ‘सफेद दाग’. मराठीत उलट : ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग, आणि कुष्ठाला ‘महारोग’ किंवा ‘रक्तपिती’. (लाड पुरवणारं ‘कोडकौतुक’ वेगळंच, त्याचा इथे संबंध नाही, पण या शब्दाशी शाळेत काय काय खेळ होतात ते ज्याच्या वाट्याला आले त्यालाच विचारा.) इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांना हा फरक चांगलाच ठाऊक असतो. घरात ‘मुलीला कोड आहे’ म्हणायचं आणि शेजारणीने त्याचं ‘कोढ़’ ऐकायचं, एवढ्यात चाळ रिकामी होते.

म्हणजे मराठी बोलीने हे दोन आजार केव्हाच वेगळे केले होते. फिकट चट्ट्याला शिबं, गालावरच्या काळपट पट्ट्याला वांग, दुधासारख्या डागाला कोड, बोटं झडवणाऱ्याला महारोग. चारही नावं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. इंग्रजांच्या काळातल्या जनगणनांत महारोग्यांची मोजणी होई, तेव्हाही प्रगणकांना सूचना असे की अवयव झडवणारा प्रकारच लिहा, पांढऱ्या डागांचा लिहू नका. अशी सूचना द्यावी लागली यातच काय ते आलं, पण निदान सरकारदरबारी दोघांतली रेघ ओढलेली होती.

ती रेघ पुसली, आणि पुसणाऱ्यांचा हेतू चांगला होता. ‘महारोगी’ हा शब्द माणसाला खाली ढकलतो, असं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटू लागलं. वर्ध्याकडच्या आणि वरोऱ्याकडच्या जुन्या संस्थांच्या नावांत तो राहिला, कारण नाव बदललं तर देणग्यांची कागदपत्रंही बदलावी लागतात. पण सरकारी कागद, पाठ्यपुस्तकं, दवाखान्यांच्या पाट्या या सगळ्यांत ‘कुष्ठरोग’ हा सभ्य, संस्कृत शब्द आला. त्याच सुमारास ‘कोड’लाही कुणीतरी सभ्य करायला घेतलं आणि छापील मराठीत ‘श्वेतकुष्ठ’ रूढ झालं. आयुर्वेदाच्या पुस्तकांत तो होताच. झालं असं की बोलीत ज्यांची तोंडं दोन दिशांना होती ते दोघे शुद्ध मराठीत पुन्हा एका घरात आले. आडनाव एक, फक्त पुढे ‘श्वेत’ लावलेलं.

१९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत त्याचे कर्मचारी घरोघर, शाळाशाळांत फिरले. ‘त्वचेवर फिकट, बधिर चट्टा आहे का?’ हा त्यांचा प्रश्न. यातला महत्त्वाचा शब्द ‘बधिर’. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, कोडाच्या डागावर कळतो. डोळे मिटायला सांगायचं, कापसाचं टोक फिरवायचं, ‘कुठे लागलं?’ विचारायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण वर्गात रांग लावून शर्ट काढायला लावले की चाळीस मुलांना कापूस दिसत नाही, डाग दिसतो. तपासणीत काही निघालं नाही हे वहीत लिहिलं जायचं. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही, ते वहीत येत नसे. देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचं २००५च्या अखेरीस जाहीर झालं. तोवर या रांगांतून दोन पिढ्या गेल्या होत्या.

इथे एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण पार्श्वभूमी म्हणून ती टाळता येत नाही. ‘आम्ही ते नव्हे’ असं कोड असलेले लोक सांगतात तेव्हा ‘ते’ कोण, हा प्रश्न उरतो. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, १९८०च्या दशकापासून होतो आहे, आणि उपचार सुरू झाले की संसर्गाची भीतीही जवळजवळ संपते. कोडाला असा ठाम शेवट अजून नाही. तरीही कोडाच्या जनजागृतीतली निम्मी ताकद कुष्ठापासून अंतर राखण्यात गेली. मला हे समजतं. पोरीचं लग्न मोडत असताना कुणी दुसऱ्याच्या आजाराची इज्जत सांभाळत बसत नाही. पण ज्या पत्रकावर ‘घाबरू नका, हा कुष्ठरोग नाही’ असं लिहिलेलं असतं ते कुष्ठरोगमुक्त माणूसही वाचतो.

या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातून यावर वेगळा तोडगा निघाला. स्वतःच्या अंगावर डाग असलेल्या एका डॉक्टरबाईंच्या पुढाकाराने स्वमदत गट उभा राहिला आणि त्यांनी ‘श्वेता’ हा शब्द पुढे केला. कोड नको, कुष्ठ तर नकोच, रोगही नको, नुसतं पांढरेपण. गटाच्या बैठका झाल्या, वधूवर मेळावे झाले. २००६ मध्ये कोड असलेल्या तरुण डॉक्टर मुलीच्या लग्नावरचा मराठी चित्रपटही येऊन गेला. ‘श्वेता’ शब्दावर कुरबुरीही झाल्या. श्वेता नावाच्या मुलींचं काय, असा खट्याळ प्रश्न होताच. गंभीर आक्षेप असा की गोऱ्या रंगाला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या समाजात पांढऱ्यालाच गोंडस नाव दिल्याने काय साधणार? याला गटातल्याच एका बाईंनी दिलेलं उत्तर माझ्या कानांवर आलं ते असं : ‘साधेल न साधेल, पण फोनवर मोठ्याने म्हणता येतं.’ ‘कोड’ फोनवर मोठ्याने म्हणता येत नसे, हे खरंच आहे.

उपचारांचा इतिहास नावांच्या मानाने सरळ आहे. कोडावर बावचीच्या बिया आपल्याकडे जुन्याच. त्यातलं सोरालेन १९३३ मध्ये भारतातच वेगळं केलं गेलं, आणि १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका तणापासून त्याच जातीचं औषध तयार झालं. दोन्ही औषधांना ऊन लागतं. १९७०-८०च्या दशकांत वाढलेल्यांना गच्ची आठवेल : गोळी घेऊन दोन तास थांबायचं, मग डोळ्यांवर काळा चष्मा लावून पाठ उन्हाकडे करून बसायचं, आई घड्याळ धरून उभी. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. एखाद्या दिवशी घड्याळ विसरलं की संध्याकाळी पाठीवर फोड. १९९७ पासून कोडासाठी ३११ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्यांचे अहवाल येऊ लागले आणि गच्चीची जागा दवाखान्यातल्या उभ्या कपाटाने घेतली. रंग परततो तो केसांच्या मुळांपासून, डागात मोहरी सांडल्यासारखे तपकिरी ठिपके उठतात. म्हणून चेहऱ्यावर लवकर येतो, आणि जिथे केस नाहीत त्या बोटांच्या टोकांवर, ओठांवर औषधं हात टेकतात. डाग वर्षभर स्थिर असला तर मांडीवरची त्वचा काढून रोपण करतात, आणि या शस्त्रक्रियांत भारतीय डॉक्टरांचा हात जगात चांगला मानला जातो. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्तीला आवर घालणारं पहिलं मलम खास कोडासाठी मंजूर झालं.

याच्या समांतर दुसरा बाजार चालू होता. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या अनुसूचीत कोड नावानिशी आहे, म्हणजे ते बरं करण्याच्या जाहिरातीला बंदी आहे. कायद्याला सत्तर वर्षं झाली आणि रेल्वेरुळांकडेच्या भिंती अजूनही ‘सफेद दाग’ने रंगलेल्या आहेत. मराठी साप्ताहिकांच्या शेवटच्या पानावर बिहारमधल्या कतरीसरायच्या पत्त्याने येणाऱ्या चौकटी जुन्या वाचकांना आठवतील : काही दिवसांत रंग बदलायला सुरुवात, व्हीपीने, म्हणजे पोस्टात पैसे भरून, औषध. पार्सल सोडवायला पोस्टात जायचं आणि पोस्टमनला कळायचं, ही त्यातली खरी किंमत.

एक डाग मात्र बाजारानेच आणला. कुंकवाची जागा चिकट टिकलीने घेतली आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे कपाळाच्या मध्यभागी गोल पांढरा ठिपका घेऊन बायका येऊ लागल्या. ठिपका अगदी टिकलीच्या मापाचा. गोंदातलं एक रसायन रंगपेशी मारतं. त्याच कुळातलं रसायन असलेल्या रबरी हातमोज्यांमुळे अमेरिकेतल्या कातडी कमावणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडल्याचं १९३९ मध्येच नोंदलं गेलं होतं. बाई काय करते? डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावते. डाग टिकलीएवढा वाढतो. कमरेला परकराची नाडी घट्ट बांधून तिथे डाग उठणाऱ्याही असतात, कारण कोडाची प्रवृत्ती असेल तर घासल्या जागी ते उमटतं.

कायद्यात कोड कुठे बसतं यावर अलीकडे वाद झाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, ॲसिडहल्ल्यातले आहेत, कोड नाही. काहींना वाटतं ते असायला हवं, कारण नोकरी आणि लग्नात अडवणूक दिसण्यावरूनच होते. काहींना हा नवा शिक्का नको आहे. हात-पाय-डोळे धड असताना प्रमाणपत्र मागायला रांगेत का उभं राहायचं? मी दुसऱ्या बाजूचा. शाळेतल्या रांगा एकदा झाल्या तेवढ्या पुरे. घटस्फोटाच्या कायद्यांतून कुष्ठरोगाचं कारण २०१९ मध्ये वगळलं गेलं. कोड त्यात कधी नव्हतंच, तरी ‘लग्नाआधी डाग लपवले’ म्हणत लोक कोर्टात गेलेच.

सध्या नावांची स्थिती अशी : केसपेपरवर व्हिटिलिगो, औषधाच्या दुकानात ल्यूकोडर्मा, वर्तमानपत्रात कधी कोड तर कधी श्वेतकुष्ठ, मेळाव्यात श्वेता, घरात ‘ते पांढरं’. आणि प्रकाशोपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर, जिथे आठवड्यातून दोनदा तेच दहा-बारा जण भेटतात, तिथे यातलं एकही नाव ऐकू येत नाही. सिस्टर दार उघडून ‘लाइटवाले, चला’ म्हणते, आणि सगळे उठतात.