‘नंतर वाचा’ अ‍ॅपची पार्श्वभूमी: वाचायला सोयीचे, जपायला कच्चे

२००७ मध्ये नेट वायनर यांनी फायरफॉक्स ब्राउझरसाठी ‘रीड इट लेटर’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, काढले; दिसलेला लेख नंतर वाचण्यासाठी साठवून ठेवायचा, एवढेच तिचे काम. पुढच्याच वर्षी मार्को आर्मेंट यांचे ‘इन्स्टापेपर’ हे त्याच कामाचे साधन आले. तेव्हा मोबाइलवर नेट संथ आणि महाग. लेख आधी उतरवून घ्यायचा आणि एसटीत वाचायचा, ही सोय मोठी होती. कोल्हापूरहून कोकणात उतरताना घाटात रेंज गेली की ती आजही कामाला येते.

२०१२ मध्ये ‘रीड इट लेटर’चे ‘पॉकेट’ झाले, २०१७ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ते विकत घेतले आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केले. त्याआधी २०२४ च्या अखेरीस ‘ऑम्निव्होर’ हे असेच अ‍ॅप बंद झाले होते. इन्स्टापेपर मात्र मालक बदलत टिकून आहे.

साठवायचे बटण दाबल्यावर अ‍ॅप पानातला मुख्य मजकूर वेगळा काढते. हेच काम करणाऱ्या मोझिलाच्या खुल्या ‘रीडेबिलिटी’ कोडमध्ये २५ अक्षरचिन्हांपेक्षा छोटा परिच्छेद धरलाच जात नाही. स्वल्पविराम आणि लांबी यांवर गुण मिळतात, लिंकांची गर्दी असली की कमी होतात. त्यामुळे सलग लेख स्वच्छ निघतो, पण चौकटी आणि तक्ते गळू शकतात.

मराठीची दुखणी वेगळी. ई-पेपरचे पान बहुधा चित्र असते, त्यातून मजकूर निघत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या पानांचे तर हालच. त्या फॉन्टने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी वळणे बसवलेली असतात. अ‍ॅपने फॉन्ट बाजूला काढला की उरतात निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे.

शिवाय साठवलेली प्रत आपणहून बदलत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सकाळी साठवलेल्या पानावर ३८ फूट दिसत राहते, दुपारपर्यंत पाणी इशारा ओलांडून गेलेले असू शकते. असली पाने साठवूच नयेत.

पॉकेट बंद होताना हाती आली ती शीर्षके, लिंका आणि टॅग यांची यादी, लेखांचा मजकूर नव्हे. मूळ संकेतस्थळाने पान काढून टाकले असेल, तर नुसता पत्ता घेऊन काय करणार? २०१३ पासूनचे ‘वॉलाबॅग’ हे खुल्या कोडचे अ‍ॅप स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, पण अपडेट आणि बॅकअप आपल्याच गळ्यात पडतात. स्पर्धा परीक्षेसाठी कात्रणे जमवणाऱ्यांनी महत्त्वाचे लेख ब्राउझरच्या ‘प्रिंट’मधून पीडीएफ करून ठेवावेत. मग फाइल उघडून एखादा जोडाक्षर असलेला शब्द शोधून पाहावा. पुष्कळ मराठी पीडीएफमध्ये तो सापडत नाही, म्हणून विषय आणि तारीख फाइलच्या नावातच लिहावी.