गाठ किरणांना दाद देईल का? जनुकीय खुणांच्या शोधाची पार्श्वभूमी

डोके आणि मान यांच्या कर्करोगात, म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र आणि आसपासच्या भागांच्या कर्करोगात, शस्त्रक्रिया न करता किरणोपचार दिले जातात तेव्हा त्यांची प्रचलित मात्रा ७० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) असते आणि ती सात आठवड्यांत ३५ हप्त्यांत दिली जाते. एकाच जागच्या, एकाच टप्प्यावरच्या दोन गाठींना हीच मात्रा दिली तरी एक नाहीशी होते आणि दुसरी काही महिन्यांत पुन्हा वाढू लागते, हा या शाखेतल्या डॉक्टरांचा जुना अनुभव आहे. उपचारापूर्वीच्या बायोप्सीतून हा फरक ओळखता यावा, यासाठी गेली काही दशके जनुकीय खुणांचा शोध चालू आहे. मात्र त्यामागचा प्रश्न जनुकशास्त्राहून जुना आहे.

फ्रान्समधील बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी १९०६ मध्येच असे मांडले होते की, ज्या पेशी वेगाने विभागतात आणि ज्यांचे विशेषीकरण कमी झालेले असते, त्यांच्यावर किरणांचा परिणाम अधिक होतो. पुढे पॅरिसमध्ये आंरी कुतार यांनी घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगात एकाच वेळी मोठी मात्रा देण्याऐवजी ती अनेक दिवसांत विभागून दिली, तेव्हा आजूबाजूच्या निरोगी ऊतींची हानी आटोक्यात ठेवून गाठ बरी करता येते हे दिसून आले. आजच्या हप्त्याहप्त्याच्या किरणोपचाराचे मूळ त्याच कामात आहे, आणि म्हणूनच डोके-मानेचा कर्करोग या विषयात आरंभापासून केंद्रस्थानी राहिला.

१९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून दाखवले की रक्तवाहिन्यांपासून सुमारे १५० ते २०० मायक्रॉन अंतरापलीकडच्या पेशी प्राणवायूअभावी मरतात आणि त्या सीमेवर प्राणवायू जेमतेम मिळणाऱ्या, तरीही जिवंत अशा पेशींचा थर असतो. प्राणवायूविना असलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते, हे प्रयोगशाळेत ठाऊक झालेले होते. त्यामुळे गाठीतला प्राणवायूचा अभाव हा अपयशाचा पहिला ठोस संशयित ठरला. १९८८ मध्ये विदर्स आणि सहकाऱ्यांनी दुसरा संशयित पुढे आणला: डोके-मानेच्या गाठींत उपचार सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात आणि ती वाढ भरून काढण्यासाठी दररोज सुमारे ०.६ ग्रे जादा खर्ची पडतात.

ही कारणे प्रत्येक रुग्णात मोजता येतील, या आशेने १९८० आणि १९९० च्या दशकांत बरीच मेहनत झाली. गाठीतल्या पेशी बाहेर काढून त्यांना २ ग्रे मात्रा द्यायची आणि किती टिकल्या ते मोजायचे, ही त्यातली सर्वांत सरळ चाचणी होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मँचेस्टरच्या गटाला तिचा उपयोग दिसला. डोके-मानेच्या कर्करोगात मात्र स्वीडनमधील रुग्णांत या निकालाचा उपचाराच्या यशाशी संबंध आढळला, तर डेन्मार्क आणि फ्रान्समध्ये तो आढळला नाही. शिवाय निकाल यायला कित्येक आठवडे लागत आणि तेवढा वेळ रुग्णाला थांबवणे शक्य नव्हते. गाठ किती वेगाने दुप्पट होऊ शकते हे मोजणाऱ्या चाचणीचीही हीच गत झाली: १९९९ मध्ये ११ केंद्रांतील ४७६ रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर तिच्यातून उपयुक्त भाकीत निघत नाही असे दिसले. या अपयशांचा एक फायदा असा झाला की, पेशी वाढवून पाहण्यापेक्षा त्यांच्यातील जनुके वाचावीत हा विचार बळावला.

त्या विचाराला आधार आधीच तयार होता. अटॅक्सिया तेलांजिएक्टेशिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारात रुग्णाच्या पेशी किरणांना विलक्षण नाजूक असतात हे १९७५ मध्ये स्पष्ट झाले होते आणि १९९५ मध्ये त्यामागचे एटीएम जनुक सापडले. किरणांनी तुटलेल्या डीएनएची खबर पेशीला देणारी यंत्रणा जनुकाच्या पातळीवर बिघडू शकते, याचा हा सर्वांत स्वच्छ पुरावा होता. डोके-मानेच्या गाठींत मात्र लक्ष टीपी५३ या जनुकावर, म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीला आळा घालणारे पी५३ हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकावर, एकवटले, कारण तंबाखूशी निगडित गाठींत ते वारंवार बिघडलेले असते. २००७ मध्ये ४२० रुग्णांवरील अभ्यासात, या प्रथिनाची रचना मोडून टाकणारे उत्परिवर्तन असलेल्यांचे आयुर्मान कमी असल्याचे आढळले. ते रुग्ण मूलतः शस्त्रक्रियेचे होते, आणि या तपशिलाकडे नंतर अनेकांनी काणाडोळा केला असे मला वाटते. रोग एकंदर कसा वागेल हे सांगणारी खूण आणि अमुक उपचाराचा फायदा होईल की नाही हे सांगणारी खूण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या क्षेत्रातील निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे झाला आहे. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत अशाच उत्परिवर्तनांचा संबंध स्थानिक पुनरुद्भवाशी, म्हणजे रोग त्याच भागात परतण्याशी, जोडला, तेव्हा मूळ प्रश्नाच्या थोडे जवळ जाता आले.

ईजीएफआर या, पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाची कथा त्याहून बोधक आहे. ते जास्त असलेल्या गाठी किरणोपचारानंतर अधिक वेळा परततात हे २००२ मध्ये दिसले, आणि २००६ मध्ये त्याला रोखणारे सेटुक्सिमॅब हे औषध किरणांसोबत दिल्यावर जगण्याच्या कालावधीचा मध्यांक २९.३ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेला. तरीही हे औषध कोणाला लाभेल, हे प्रथिनाच्या प्रमाणावरून सांगता आले नाही.

एवढ्या धडपडीत खरी टिकली ती एकच खूण, आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांतली नव्हे, तर विषाणूची होती. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाकडील गाठींना कारणीभूत ठरतो, हे २००० च्या सुमारास ठळकपणे पुढे आले. त्याचे ई६ प्रथिन पेशीतील पी५३ नष्ट करते, त्यामुळे अशा गाठींत टीपी५३ जनुक सहसा शाबूत राहते. ई७ मुळे पी१६ हे प्रथिन वाढते आणि तेच चाचणीत मोजले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी विश्लेषणात एचपीव्ही असलेल्या घशाच्या गाठींत तीन वर्षांनी ८२.४ टक्के रुग्ण जिवंत होते, तर एचपीव्ही नसलेल्यांत ५७.१ टक्के, धूम्रपान मात्र हा फायदा कमी करत होते. पुढे या गाठींचे टप्पे वेगळे ठरवण्यात आले. साहजिकच उपचार सौम्य करण्याचा विचार आला, पण किरणांसोबत सिस्प्लॅटिन या प्रचलित रसायनोपचाराऐवजी सेटुक्सिमॅब देणाऱ्या चाचणीत २०१८ मध्ये पाच वर्षांनी जगण्याचे प्रमाण ८४.६ वरून ७७.९ टक्क्यांवर घसरलेले दिसले, आणि मात्रा ६० ग्रेवर आणून पाहणाऱ्या नंतरच्या चाचणीतही प्रचलित उपचाराइतकेच यश मिळते असे सिद्ध झाले नाही. एवढी भरवशाची खूण हाती असूनही तिच्या आधारे मात्रा कमी करता आलेली नाही.

प्राणवायूच्या जुन्या संशयिताने मध्यंतरी जनुकांच्या रूपात पुनरागमन केले. डेन्मार्कमध्ये निमोरॅझोल हे, प्राणवायू कमी असलेल्या पेशींना किरणांपुढे नाजूक करणारे औषध किरणांसोबत दिल्यावर पाच वर्षांचे स्थानिक नियंत्रण (त्या भागात रोग न परतण्याचे प्रमाण) ३३ वरून ४९ टक्क्यांवर गेल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. २०११ मध्ये तिथल्याच ओर्हूसच्या गटाने १५ जनुकांच्या सक्रियतेवरून प्राणवायूची कमतरता ओळखणारी कसोटी तयार केली आणि जुन्या नमुन्यांवर ती लावली, तेव्हा लाभ प्राणवायू कमी असलेल्या गाठींपुरताच होता असे दिसले. एखादी खूण थेट उपचाराशी बांधल्याचे हे दुर्मीळ उदाहरण; मात्र नंतरच्या युरोपीय चाचण्यांत निमोरॅझोलचा लाभ पुन्हा दाखवता आला नाही. फ्लोरिडातील मॉफिट केंद्राने याच सुमारास प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींच्या ४८ वाणांवरून दहा जनुकांचा संवेदनशीलता निर्देशांक बांधला आणि २०१७ मध्ये तो प्रत्यक्ष मात्रेशी जोडून, सर्वांना दिलेल्या समान ग्रेचा जैविक परिणाम रुग्णागणिक वेगळा असतो, असे मांडले.

आपल्याकडे हा इतिहास जसाच्या तसा लागू करता येत नाही. महाराष्ट्रात आढळणारे गाल आणि हिरडीचे कर्करोग बहुतांशी तंबाखू, सुपारी आणि गुटख्याशी निगडित असून त्यांत एचपीव्हीचा वाटा अल्प आहे, म्हणजे सर्वांत विश्वासार्ह खूण इथे फारशी उपयोगी पडत नाही. पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी २०१३ मध्ये अशा ११० रुग्णांच्या गाठींचे जनुकीय चित्र मांडले. त्यात टीपी५३, एफएटी१, सीएएसपी८ यांच्या जोडीला यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी, या कर्करोगात पूर्वी न नोंदलेली जनुकेही सापडली. परंतु या गाठी आधी शस्त्रक्रियेने काढल्या जातात आणि जोखीम असेल तर नंतर किरण दिले जातात, त्यामुळे गाठ किती विरघळली हे पाहण्याची सोयच उरत नाही. पुनरुद्भव किरण दिलेल्या क्षेत्रात झाला की त्याबाहेर, की दूरच्या अवयवात, ही नोंद वर्षानुवर्षे प्रत्येक नमुन्याशी जोडून ठेवल्याशिवाय इथल्या जनुकीय यादीतून किरणोपचारासाठीची खूण वेगळी काढता येणार नाही.