बी. ऑप्टोमला प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि आत काय शिकवतात

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "हा चष्म्याच्या दुकानाचा कोर्स ना?" नाही. बी. ऑप्टोम म्हणजे बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री, डोळे तपासून नंबर काढण्याच्या शास्त्राची पदवी आहे. आजवर ती तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी चालत आली. २०२१च्या कायद्याने हा व्यवसाय संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणला, त्यामुळे यंदाचा कालावधी आणि प्रवेशाचे नियम त्या-त्या कॉलेजच्या माहितीपत्रकातच बघा.

बारावी सायन्स हवं. फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्रजी आणि त्यासोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. काही ठिकाणी बायोलॉजीच लागतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग मेरिट लिस्ट किंवा कॉलेजची परीक्षा, कागदपत्रांची तपासणी, फी. कॉलेज मुंबई विद्यापीठाचं असेल तर विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणीही करावी लागते.

कागदपत्रं: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, बारावी दुसऱ्या बोर्डाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. आरक्षणातून जाणाऱ्यांनी जातीचा दाखला, जात वैधता आणि गरजेप्रमाणे नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढायला टाका. वैधता वेळ खाते आणि मुलं अडकतात ती तिथेच. डोमिसाइल 'आपले सरकार'वरून मिळतं. मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेही बघून घ्या.

आत काय शिकवतात? डोळ्याची रचना, प्रकाशशास्त्र, डोळ्यांचे आजार, कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणा, लो व्हिजन (चष्म्यानेही पुरती न सुधारणारी नजर). पण मला सर्वात मोलाची वाटते ती रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढणं. अंधाऱ्या खोलीत पेशंटपासून ६६ सेंटीमीटरवर बसायचं, प्रकाशाची पट्टी डोळ्याच्या बाहुलीवरून फिरवायची. आतली चमक पट्टीबरोबर सरकली तर प्लस काच, उलटी सरकली तर मायनस. हालचाल थांबून अख्खी बाहुली एकदम उजळली की झालं, आलेल्या आकड्यातून त्या ६६ सेंटीमीटर अंतराचे दीड डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) वजा करायचे. बोलताही न येणाऱ्या बाळाचा नंबर असा काढतात! पहिले कित्येक आठवडे काही दिसत नाही, हात थरथरतो. शेकडो डोळे बघितल्यावर नजर बसते.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. ओपीडीत रोज किती पेशंट येतात, दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या हातात रेटिनोस्कोप किती वेळ असतो आणि इंटर्नशिप कुठे करायला मिळते, एवढं विचारा. जमलं तर तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बाहेर चहाच्या टपरीवर बोला.